प्रत्येक ओळीपुढचं प्रश्नचिन्ह

त्या गुरुवारी माझ्या यादीत सात कामं होती. दुपारी सव्वातीनपर्यंत पाचांवर रेघ ओढून झाली होती. सहावं चालू असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे एक बाई आणि तिच्या मागे कोंबड्यांचा कलकलाट.

"डब्याचं काम करणाऱ्या म्याडम तुमीच का?"

मीच, म्हटलं.

मी भोरमध्ये घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. कंपनी गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी डबे बनवते. केंद्रात दूध गार ठेवणारी स्टीलची मोठी टाकी असते. तिचा कॉम्प्रेसर कधी चालू करायचा आणि कधी बंद, हे आमचा डबा ठरवतो. डब्यात एक छोटा संगणक असतो. त्यातला सगळ्यात आतला, बाकीच्यांना कामं वाटून देणारा प्रोग्राम म्हणजे कर्नेल, आणि तो माझ्याकडे. कर्नेल मेला की डबा थिजतो, कॉम्प्रेसर थांबतो आणि टँकर येईपर्यंत दूध नासतं.

बाईंचं केंद्र मार्गासनी आणि विंझरच्या मधल्या एका वाडीत होतं. पंधरा दिवसांत त्यांचा डबा तीनदा थिजला होता आणि तिन्ही वेळा टँकरवाल्यानं दूध परत केलं होतं. हे मला माहीत होतं, कारण तिन्ही वेळचा अहवाल मीच लिहिला होता. तो अहवाल कंपनीनं दूध सोसायटीला दिला, सोसायटीनं नोटिशीला जोडला आणि नोटीस केंद्राच्या दारावर चिकटवली, हे मात्र मला त्या फोनवर कळलं. शनिवारी सकाळी चेअरमन येऊन केंद्राची चावी काढून घेणार होते.

बाई आवाज न चढवता बोलत होत्या. नोटिशीत लिहिलंय की ऑपरेटरनं बटण दाबून चालू यंत्र बंद केलं, तिन्ही वेळा. खाली अहवाल लिहिणारी म्हणून माझं, म्हणजे या म्याडमचं, नाव आहे. पहिल्या दोन वेळी त्या केंद्रात होत्या, त्यामुळे त्यांचं कुणी ऐकून घेणार नाही, हे त्यांना समजत होतं. तिसऱ्या वेळी मात्र माप आटोपून, खोलीला कुलूप लावून त्या एसटीनं वेल्ह्याला गेल्या होत्या. तिकीट जपून ठेवलं होतं. त्यावर वेळ छापलेली असते.

"आठ पाचचं तिकीट हाय. तुमी लिवलंय आठ पंचवीसला म्या बटण दाबलं. आता खोटं कोण बोलतंय म्याडम, म्या का तुमचा डबा?"

मी बघून सांगते म्हणाले. दोन मिनिटांत तिकिटाचा फोटो मोबाईलवर आला. वेळ तीच होती.

ती नोंद मी कशी वाचली होती, ते सांगायला हवं.

मला चिठ्ठ्यांची सवय आहे. कुकर लावताना फोन वाजला तर ओट्यावर चिठ्ठी ठेवते: दोन शिट्ट्या झाल्या. फोनवर बोलताना दार वाजलं तर फोनपाशी चिठ्ठी: हिशेबनीसाला परत लावायचा. दारातलं काम संपलं की वरची चिठ्ठी बघून फोनकडे जायचं, तिथून खालची बघून कुकरकडे. कर्नेल असंच चालतो. एक काम दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला आणि प्रत्येक जण जाताना परत कुठे यायचं त्याची चिठ्ठी एकावर एक ठेवून जातो. या चळतीला स्टॅक म्हणतात. कर्नेल मरतो तेव्हा ही चळत वरून खाली वाचायची. कोणी कोणाला बोलावलं आणि शेवटी कोणाच्या हातून घात झाला, ते कळतं. याला आम्ही स्टॅक उलगडणं म्हणतो.

अडचण एकच. काम झालेली चिठ्ठी कर्नेल फाडत नाही. ती तिथेच पडून राहते आणि पुढचं कोणी त्यावर नवी ठेवेपर्यंत तशीच दिसते. जिवंत चिठ्ठी कुठली आणि शिळी कुठली, हे ओळखायला एक तक्ता लागतो. तो तक्ता स्मरणातली थोडी जागा खातो. तीन वर्षांपूर्वी डब्यातली जागा कमी पडत होती, तेव्हा मी काय काय काढता येईल त्याची यादी केली होती आणि तो तक्ता त्या यादीत चौथा होता. त्याच्याऐवजी अंदाजानं वाचणारी सोपी पद्धत लावली. ती चिठ्ठीसारखं दिसेल ते सगळं उचलते, जिवंत असो वा शिळं. मात्र ती प्रामाणिक आहे. प्रत्येक ओळीपुढे प्रश्नचिन्ह छापते.

प्रत्येक ओळीपुढे असल्यामुळे मला ते दिसेनासं झालं. वर त्या चिन्हांनी यादी अस्ताव्यस्त दिसते म्हणून मीच एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता: नोंद आली की प्रश्नचिन्हं काढायची, ओळींना क्रमांक द्यायचे, रकाने सरळ करायचे. अहवालात मी ती स्वच्छ यादी वाचली होती. तिसऱ्या क्रमांकावर बटणाचं काम होतं. बटण दाबलं, यंत्र बंद होऊ लागलं, बंद होताना मेलं, असा अर्थ मी लावला. तीनदा लावला.

मूळ नोंद उघडली. एकोणीस ओळी, एकोणीस प्रश्नचिन्हं. सहावं काम मी त्या दिवशी पूर्ण केलं नाही.

शुक्रवारी सकाळी वरिष्ठांना फोन केला. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि वागायला बरे आहेत. अहवाल चुकला असण्याची शक्यता आहे, तो मागे घ्या, म्हटलं. त्यांनी विचारलं, मग खरं कारण काय. ते माझ्याकडे नव्हतं. अंदाजाच्या नोंदीतून बाई दोषी ठरत नव्हत्या, तशा निर्दोषही ठरत नव्हत्या. तिकिटाचं काय, घरातल्या दुसऱ्या कुणीही कुलूप उघडलं असेल, असं ते म्हणाले. शिवाय अहवाल मागे घेतला तर बाकी केंद्रं काय म्हणतील. ऑपरेटर बदलला की बघू, पुन्हा झालं तर डबा बदलून देऊ.

"मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय ना ते," ते शेवटी म्हणाले.

मी शनिवारची रजा टाकली आणि यादी केली. तक्ता परत घालायचा. त्यासाठी जागा करायची. नवा कर्नेल बांधायचा. घरच्या डब्यावर मुद्दाम मारून बघायचा. मेमरी कार्डावर घ्यायचा. तारा, लॅपटॉप, बॅटरी. शेवटच्या ओळीत मी लिहिलं, "तिथे तो मेला नाही तर," आणि पुढे काही सुचेना. ती ओळ तशीच राहिली.

जागेसाठी, डबा चालू होताना दिसणारं कंपनीचं रंगीत चित्र काढून टाकलं. कर्नेल बांधायला चार तास लागले, त्यात एकदा वीज गेली. संध्याकाळी टेबलावरचा डबा हातानं मारला तेव्हा नोंद नीट आली: सरळ ओळी, प्रश्नचिन्ह नाही. पण माझ्या टेबलावर आपणहून तो कधीच मेला नव्हता. मरायचा तो वाडीतच, आणि सकाळच्या मापाच्या सुमारासच.

शनिवारी सव्वापाचला निघाले. कापूरहोळपर्यंत काच पुसत गाडी चालवली, नसरापूरहून आत वळले. मार्गासनीपर्यंत धुकं होतं. माझं माहेर उत्रोलीचं; दूध डेअरीला घालणाऱ्या घरातली सकाळ कशी असते ते माहीत आहे. उशिरा पोचलं की किटल्यांच्या रांगेत पाय ठेवायला जागा नसते. सहा वीसला केंद्रापाशी गाडी लावली.

दारावर नोटीस होती, तिच्याखाली माझा अहवाल. क्रमांक दिलेली स्वच्छ यादी. पावसाळ्यात कुजू नये म्हणून लावतात तसं त्यावर प्लास्टिकसुद्धा लावलं होतं.

बाई पस्तिशीच्या असतील. कपाळावर टिकली नव्हती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली मापाची पाटी. त्यांनी मला बघितलं, कोण ते ओळखलं आणि बाजूला सरकून आत जायला वाट दिली. चहा विचारला नाही. काय करणार आहे ते मी सांगितलं: कार्ड बदलते, डब्यापासून माझ्या लॅपटॉपला तार जोडते, तुम्ही रोजच्यासारखं माप घ्या. डबा मेला तर शेवटच्या क्षणी काय म्हणाला ते मला दिसेल.

"आन न्हाई मेला तर?"

मग माझ्याकडे काही नाही, मी म्हटलं.

मी कार्ड बदललं, तार जोडली. त्यांनी पदरानं डब्याची काच पुसली आणि अंगठ्यानं बटण एकदा दाबलं. काच उजळली. रोज सकाळी सुरुवातीला एवढंच करायचं असतं, तसं आमच्याच पुस्तिकेत लिहिलेलं आहे. लॅपटॉपवर ओळ उमटली: सहा एकतीस, बटण.

माप सुरू झालं. किटली काट्यावर, वाटीभर दूध डब्याला जोडलेल्या फॅट मशीनमध्ये, आकडा पाटीवर, दूध टाकीत. बाईंचा हात थांबत नव्हता. माणसं माझ्याकडे आणि तारेकडे बघत होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, शहरातनं आल्या का. भोरच्या, बाई म्हणाल्या. मग काय लांबच्या न्हाईत, तो म्हणाला आणि रिकामी किटली घेऊन तिथेच उकिडवा बसला. आज काय होतं ते बघितल्याशिवाय कुणी हलणार नव्हतं. हे केंद्र बाईंच्या घराकडे यायला दोन वर्षं अर्ज-विनंत्या लागल्या होत्या आणि पहिले काही महिने चार-पाच घरांनी दूध मार्गासनीला नेलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या सकाळी एवढंच जाणवलं की माझा कागद खरा मानायला काही जणांना फार वेळ लागला नसावा.

सहा पन्नासला कॉम्प्रेसर पहिल्यांदा सुरू झाला. मी काचेकडे बघत राहिले. काही नाही. सात पंचवीसला पुन्हा. या वेळी आजूबाजूचे शेतातले पंप चालू झाले होते, खोलीतला दिवा क्षणभर मंदावला. डबा चालूच.

आता मला वेगळीच भीती वाटायला लागली. कर्नेलमध्ये काही बदललं की कामांच्या वेळा किंचित सरकतात आणि सरकल्या की काही चुका लपून बसतात. मी तक्ता घालून चूक झाकली तर नव्हती? डबा आता महिनाभर मेला नाही तर चेअरमन म्हणतील, बाई गेल्या, डबा सुधारला. टाकीत सगळ्या वाडीचं सकाळचं दूध होतं आणि मी मनातून यंत्र मरावं म्हणून घड्याळ बघत होते.

आठला चेअरमन आले. साठीचे, स्वच्छ टोपी, सोबत कमिटीचे दोघं. रांगेत अजून तीन किटल्या होत्या. चेअरमननी मला नमस्कार केला, कंपनीच्या म्हणून खुर्ची द्यायला सांगितली. मी बसले नाही. अहवाल चुकलेला असू शकतो, थोडा वेळ द्या, असं मी म्हणाले. त्यांनी विचारलं, चुकला आहे का असू शकतो? मी म्हटलं, अजून सांगता येत नाही.

"मग आमी कशावर थांबायचं?" ते म्हणाले. "कागद तुमचाच. बाई, चावी द्या."

बाईंनी कमरेची चावी काढली. त्यांच्या हातात दिली नाही. समोरच्या वजनकाट्यावर ठेवली.

"हितं हाय. उचला तुमी."

चावी काट्यावर असेपर्यंत पुढची किटली ठेवता येत नव्हती. तिघं किटल्या धरून उभे राहिले. चेअरमननी हात पुढे केला नाही. उचलायची ती बाईंनीच उचलून द्यावी, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. उकिडवा बसलेला म्हातारा म्हणाला, "दूध उभ्याउभ्याच विरजायचं आता."

तेव्हा कॉम्प्रेसर तिसऱ्यांदा सुरू झाला.

दिवा पिवळा पडला. फॅट मशीनचे आकडे विझले आणि परत आले. डब्याची काच मात्र आठ बारावर थिजली. कॉम्प्रेसर घरघरत थांबला. खोलीत एकदम शांतता आली आणि माझ्या लॅपटॉपवर ओळी धावायला लागल्या.

मी आधी त्या जपून ठेवल्या, दोन ठिकाणी. मग वाचल्या, या वेळी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीपासून. वरून खाली, अकरा ओळी. घड्याळाच्या कामानं फॅट मशीनचा आकडा घेणाऱ्या कामाला बोलावलं होतं. मशीन क्षणभर विझल्यामुळे कर्नेलनं त्याच्यासाठी राखलेली जागा आधीच मोडून टाकली होती. हे काम त्या मोडलेल्या जागी वाचायला गेलं आणि सगळं घेऊन पडलं. दहा ओळी सरळ, एकातून एक निघालेल्या. आणि मधे एकच ओळ अशी, जी तक्त्यानं शिळी ठरवली होती आणि जिच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. बटणाची.

मी डबा पुन्हा चालू केला, फॅट मशीनची तार काढून ठेवली, म्हणजे निदान आज परत मरणार नाही. कॉम्प्रेसर सुरू झाला. मग लॅपटॉप काट्याशेजारी ठेवला आणि सांगायला लागले. दिवा मंदावला तेव्हा फॅट मशीन विझलं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या वेळी बटणाजवळ कोणी नव्हतं, तेही पाहिलं होतं. तरी चिठ्ठ्यांमध्ये बटणाची चिठ्ठी आहे. ती सकाळी साडेसहाची. तिचं काम तेव्हाच संपलं, कागद तेवढा पडून राहिला.

चेअरमन म्हणाले, मग तुमच्या कागदावर तिसऱ्या क्रमांकाला होती ती हीच?

बाई लॅपटॉपवर वाकल्या. इंग्रजी नावं त्यांना लागत नव्हती, पण बोट बरोबर त्या ओळीवर ठेवलं.

"हिच्याच म्होरं प्रश्नचिन्ह हाय. बाकीच्यांम्होरं न्हाई. दारावरच्या कागदात कुणाच्याच म्होरं न्हाई, असं का?"

"ती मी पुसली होती," मी म्हटलं. "यादी नीट दिसावी म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे.

"म्हंजे कालची पाटी तशीच ऱ्हायली, आन तुमी ती आजची म्हणून वाचली."

"हो."

"तीनदा."

"तीनदा."

कमिटीतला एक जण हसू दाबत बाहेर बघायला लागला. चेअरमननी टोपी काढून परत घातली. बरं झालं उलगडलं ते, असं म्हणाले. बाई, उचला चावी, लोकं खोळंबलीत. नोटीस आमी काढतो.

बाईंनी चावीला हात लावला नाही.

"म्याडम, तवा लिवून दिलं तुमी. आता बी लिवून द्या. हितंच."

वरिष्ठांना विचारायला हवं होतं. कंपनीच्या नावानं काही लिहून द्यायचं तर त्यांची परवानगी लागते, हे मला चांगलं माहीत आहे. त्या वाडीत माझ्या मोबाईलला रेंज यायला मार्गासनीच्या बाजूला अर्धा किलोमीटर चालत जावं लागतं आणि मी तिकडे गेले असते तर परत आल्यावर काय लिहिलं असतं याची मला खात्री नव्हती. वहीतलं पान फाडलं. कंपनीचं नाव घातलं नाही, माझं घातलं. यंत्र कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडल्यामुळे, आमच्या प्रोग्राममधल्या दोषानं बंद पडतं, ऑपरेटरनं ते बंद केलेलं नाही, आधीच्या अहवालात तिन्ही वेळी मी शंकेच्या खुणा काढून टाकल्या आणि चुकीचा निष्कर्ष लिहिला. तिसऱ्या वेळी त्या केंद्रात नव्हत्या. आधीच्या दोन नोंदी आज पाहिलेल्या नोंदीशी जुळतात असं दिसतं. पूर्ण खात्री करून सोमवारी कळवते. ही शेवटची दोन वाक्यं लिहिताना हात थांबला होता. आणखी एकदा सगळं पक्कं ठोकून देणं सोपं होतं.

बाईंनी पान घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, अडखळत नाही पण सावकाश, रांगेतल्या तिघांना आणि बाहेर उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल असं. शेवटून दुसऱ्या वाक्याला थांबल्या.

"दिसतं म्हंजे?"

म्हणजे तिथे अजून प्रश्नचिन्ह आहे, मी म्हटलं. सोमवारपर्यंत.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "सोमवारी फोन करा. न्हाई केला तर म्या करीन."

दारावरचं प्लास्टिक त्यांनीच सोडवलं, माझा जुना कागद काढून घडी घातला आणि पाटीमागे खोचला, फेकला नाही. नवं पान त्या प्लास्टिकमध्ये सरकवलं आणि चेअरमनच्या नोटिशीवर, तिचा मजकूर झाकला जाईल असं लावलं. मग काट्यावरची चावी उचलून कमरेला खोवली, काटा शून्यावर आणला आणि रांगेकडे न बघता हात पुढे केला.

"आणा. कुणाची हाय?"